आमच्या दारातला शिंजीर

नामदेवच्या खुर्चीखाली केस साचतात, तसे आमच्यात किस्से साचतात. लिंबाखाली नामदेवची हजामत, शेजारी रहीमभाईचा चहाचा गाडा, आणि मी. जुन्या मंडळींत आता तिघंच राह्यलो. यंदा आम्हाला विषय मिळाला शिंजिराचा. चिमणीहून बारीक पाखरू, चोच वाकडी, नर उन्हात वांग्यासारखा चमकतो.

*

हा नर नामदेवच्या आरशात स्वतःलाच बघून भांडायचा. टक टक टक! चोच फुटेल म्हणून नामदेवनं आरशावर पंचा टाकला. त्यातच एक नवरदेव मिशी कोरायला आला.

"आरसा दावा की!"

"पाखरू दमलंय. मिशी कशी झाली ते वऱ्हाडी सांगतेल!"

*

मादी मात्र कामाची. पडलेले केस चोचीत धरून न्यायची. कुठं? तर माझ्या ओट्यावरच्या बल्बच्या वायरला लोंबतं घरटं! कोळ्याची जाळी, सालपटं, आणि माझे पांढरे केस. वर छज्जासुद्धा.

रहीमभाई म्हणाला, "आबा, तुमचं छप्पर उडालं ते इथं आलं व्हय!"

*

बायको वारल्यापासून घरात मी एकटाच. पाखराला त्रास नको म्हणून तो बल्ब लावणंच सोडलं. रहीमभाई बॅटरी घेऊन आला.

"आबा, लाईट गेली का?"

"हळू बोल. घरात बाळंतीण हाय!"

*

मुलगा सुनील जालन्याहून मला न्यायला आला. पोरगं चांगलंय. पण त्याच्या फ्लॅटमध्ये सगळे कामाला जातात, मंग दिवसभर टीव्हीशी बोलायचं. मी वायरीकडं बोट केलं.

"पिल्लं उडाली की येतो."

"नक्की?"

"बिलकुल!"

बाहेर शिंजीर त्याच्या गाडीच्या आरशाशी भांडून राह्यला होता. सुनीलनं गपचूप आरशाला रुमाल बांधला आणि हॉर्न वाजवत तसाच गेला!

*

परवा पिल्लं उडाली. काल वाऱ्यानं रिकामं घरटं खाली पडलं. आज ते घेऊन मी नामदेवकडं दाढीला बसलो. तोंडाला साबण लागला, तेवढ्यात सुनीलचा फोन. स्पीकरवर.

"आबा, उडाली का पिल्लं?"

नामदेवनं वस्तरा खाली ठेवला, माझ्या मांडीवरच्या घरट्याकडं बघितलं आणि फोन घेतला.

"सुनील, मी नामदेवकाका. आबाच्या तोंडाला साबण हाय. अरे, तिनं आज परत अंडी घातली!"

गाड्यावरून रहीमभाई ओरडला, "तीन हायेत म्हणावं, तीन!"