समोरच्या खिळ्यावरची चावी

ते कुलूप दाराला बसलं तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

दुकानात मी आकडे दाबून उघडणारं साधं कुलूप दाखवलं होतं. नवऱ्याला हवं होतं बोट लावून उघडणारं, वर मोबाईलला जोडलेलं. दुकानदाराने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सर, हेच घ्या. मॅडम कधी बाहेर गेल्या, कधी आल्या, ऑफिसात बसून सगळं कळेल."

"आणि सर कधी कुठे जातात, ते मला कळेल का?" मी विचारलं. दोघेही हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

फुलपाड्यात राहायला आल्यापासून आमची एक चावी समोरच्या मावशींच्या खिळ्यावर असायची. नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही. मी नोकरीला जायचे तेव्हा मावशीच दार उघडून आमचं पिंप भरून ठेवायच्या.

"आता चावीचं काय काम? घेऊन ये परत," नवरा म्हणाला. आणि मीही गाढवासारखी मागायला गेले.

मावशी मूळच्या अर्नाळ्याच्या, बोलायला फटकळ. त्या दिवशी मात्र आवाज चढला नाही. चावी माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "काय गं बाय, इतकी वर्षं पानी भरलं तुझं. तुझ्या घरातलं काय गेलं माझ्या हातून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची समजूत काढायला गेले, तर पाच मिनिटांत नवऱ्याचा फोन. "दार उघडलेलं दिसतंय. कुठे गेलीस?" मावशींकडे वीस वर्षं चावी होती, पण त्यांनी मला हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. माझं टाळकंच सटकलं.

संध्याकाळी तो आला. बोट लावलं, कुलूप टुणटुण वाजून उघडलं. दार काही उघडलं नाही, कारण आतून मी जुनी लोखंडी कडी घातली होती.

"अगं, कडी काढ!"

"आधी मावशींचं बोट ह्या कुलपात घ्या. आणि माझ्या येण्याजाण्याचे मेसेज बंद करा."

"वेड लागलंय का तुला? मावशी बघतायत."

"बघू देत."

त्याने पुन्हा बोट लावलं, कुलूप पुन्हा टुणटुण वाजलं. मग दार ठोठावत म्हणाला, "किती वेळ बाहेर उभं ठेवणार आहेस मला?"

"मोबाईलमध्ये बघा," मी म्हटलं. "सगळं कळेल."