गोणीवरचं नाव

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या बादल्या-मग बनवणारं एक शेड आहे. मनुबाई तिथं अकरा वर्षं मशीनमध्ये वितळवायच्या रंगीत प्लास्टिक दाण्याच्या गोण्या निवडायची. मालक दाणा जुन्या गोण्यांत भरायचा, त्यामुळं वर छापलेलं असायचं ‘लाल’ आणि आत निघायचा पिवळा. शिकलेल्या पोरी त्या कामावर टिकल्या नाहीत. घाई झाली की त्यांचा हात नावाकडं जायचा. मनुबाईला अक्षरओळखच नव्हती. ती गोणीचं तोंड उघडायची, आत बघायची आणि मशीनवरचा नाथाजी दुसरी हाक मारायच्या आत बरोबर गोणी त्याच्यापुढं ओढून ठेवायची. अकरा वर्षांत तिची एकही गोणी चुकली नाही.

मग सुपरवायझरची जागा रिकामी झाली. मॅनेजर वीरधवल म्हणाला, “मावशी, तुमच्याएवढं काम कुणाला येत नाही. पण रजिस्टर कोण लिहिणार? वाचता-लिहिता येत असतं तर जागा तुमचीच होती.”

हे तिच्या मनाला लागलं. घरी आल्या आल्या ती नातीला म्हणाली, “साक्षे, मला शिकीव.”

पन्नाशी उलटलेली बाई भाकऱ्या थापता थापता बाराखडी म्हणू लागली. पहिलं वर्ष नुसतं अडखळण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी मिठाच्या पिशव्या, एसटीच्या पाट्या, शेजारणीच्या घरच्या लग्नपत्रिका, काय दिसेल ते ती वाचायची. पुढं पुढं तर वाचायचं म्हणून वाचावं लागेना. नजर पडली की शब्द आपोआप मनात उमटायचा.

एक दिवस तिनं वीरधवलसमोर पेपर धरून घडाघडा वाचून दाखवला. त्यानं ऐकून घेतलं. “जागा भरली ना मावशी, मागच्याच वर्षी. माझ्या मेव्हण्याला घेतलंय. पण शिकलात हे लय चांगलं केलंत.”

ती गोण्यांकडं परत गेली आणि तिथंच खरं नडलं. गोणीत निळा दाणा दिसत असायचा, पण त्याआधीच मनात वर छापलेलं ‘हिरवा’ म्हणून झालेलं असायचं. ते खोडून पुन्हा ‘निळा’ म्हणेपर्यंत हात थबकायचा. नाथाजीला दोनदा हाक मारावी लागू लागली. तिनं गोण्या उलट्या ठेवून पाहिल्या, तर छाप दोन्ही अंगांना.

“आज्जी, नको वाचूस ना मग,” साक्षी म्हणाली.

“ते कुठं शिकीवलंस? बघितलं की वाचून होतंय, त्याला मी काय करू?”

दिवाळीच्या तोंडावर निळ्या बादल्यांची मोठी ऑर्डर होती. नाथाजी ओरडत होता, “निळा आणा, निळा!” मनुबाईनं ‘निळा’ लिहिलेली गोणी ओढली आणि ओतली. आत गडद हिरवा होता. तिच्या ध्यानात आलं तोवर अर्धी गोणी मशीनच्या पोटात गेली होती. दुपारपर्यंत शेवाळी पट्ट्यांच्या बादल्यांचा ढीग दाराशी लागला.

वीरधवलनं आवाज चढवला नाही. “वय झालं मावशी, नजर गेली तुमची.”

“नजर चांगली हाय, साहेब. गोणीवर खोटं लिवलंय.”

“ते पहिल्यापासूनच आहे. तेव्हा नाही चुकलात.”

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात झाडू आला.

तिच्या जागी शिराळ्याकडची गोदावरी आली. शाळेची पायरी न चढलेली बाई. काम दाखवायला मनुबाईलाच बसवलं. मनुबाईनं मन लावून दाखवलं: गोणीचं तोंड कसं उघडायचं, ओल लागलेला दाणा कसा गडद दिसतो, उजेडाला पाठ का करायची नाही. आठ दिवसांत गोदावरीचा हात बसला.

जेवणाच्या सुट्टीत गोदावरीनं सहज विचारलं, “आवं मावशी, तुमास्नी वाचता येतंय म्हणं. या गोण्यांवर काय लिवलंय?”

मनुबाईनं समोरची सगळी नावं एका दमात वाचली, मनातल्या मनात.

“काय न्हाई,” ती म्हणाली, आणि डबा धुवायला उठली.