शिकार ज्याची त्याला

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. बायको आठवडाभर आधीच माहेरी गेली होती, आपल्या वडलांच्या उशाशी. सांगलीत मी एकटा. चपला घातल्या, दाराजवळच्या खुंटीवर जे होतं ते गळ्यात अडकवलं, कुलूप लावलं आणि मिळेल ती एसटी पकडली. कोरेगावला उतरून, वडापच्या जीपनं गावात पोचून, गर्दीतून वाट काढत अंगणात आलो. पाया पडायला वाकलो आणि गळ्यातली दुर्बीण सासऱ्यांच्या पावलावर टक्कन आपटली. हळदीच्या पेठेत दिवाणजी म्हणून केस पांढरे केलेला जावई, मयताला दुर्बीण घालून आलेला... बायका रडायच्या थांबल्या. तात्यांचे जुने जोडीदार नाना उशाशी बसले होते. ते हळूच म्हणाले, "पाव्हणं, तात्या हितंच हाईत. उघड्या डोळ्यानंबी दिसतील."

इलाज नव्हता हो. सासुरवाडीला जायचं म्हणजे तात्यांबरोबर अंगणासमोरच्या माळावर जायचं, आणि माळावर जायचं म्हणजे दुर्बीण, ही हाताला लागलेली सवय. तात्यांनी स्वतः तिच्यातून कधी पाहिलं नाही. फौजेतून हवालदार होऊन आलेला हा माणूस तरुणपणी नानांच्या जोडीनं ससे, डुकरं मारत हिंडला होता. बंदी तेव्हाही होती, पण गावात ती कुणी मनावर घेत नव्हतं, हे ते स्वतःच सांगायचे. का सोडलंत, विचारलं तर म्हणायचे, "कुत्री म्हातारी झाली. मीबी." शिकार सुटली, शिकारीच्या गप्पा सुटल्या नाहीत. बिबट्याला ते भाडेकरू म्हणायचे, कारण तो उसात राहतो आणि ऊस तुटला की जागा बदलतो. कोल्ह्याची नजर कायम दुसऱ्याच्या ताटावर. तरस बिचारं झाडलोट करणारं. पण लांडग्याचा विषय निघाला की म्हातारा उठून उभाच राहायचा. "त्यो आपल्या धंद्यातला गडी. एकजण हाकतो, दुसरा वाटंत दबा धरून बसतो. आमी हाक्याला दुसरं काय करत हुतो?" यावर नाना थुंकून म्हणायचे, "धंद्यातला म्हंजे वाटेकरी. वाटेकरी जितका कमी तितका बरा." हा वाद मी लग्नाच्या वर्षापासून ऐकत होतो, आणि लांडगा मात्र एकदाही पाहिला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी, थंडी सरताना, तो दिसला. बांधापलीकडं, भर उन्हात, माझ्यापासून पन्नास पावलांवर. तोंडात सासूबाईंच्या पांढऱ्या कानाच्या शेळीचं नरडं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो समोर उभा, आणि मी काय केलं? एक चप्पल हातात घेतली आणि बोंब ठोकत त्याच्या अंगावर धावलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं, शेळी खाली ठेवली आणि निघून गेला. पळाला म्हणवत नाही, चालतच गेला. शेळी संपली होती. तरी मी तिला ओढत घरी आणलं, छाती फुगवून.

"कुणी मारली?" तात्यांनी विचारलं.

"लांडग्यानं. पण मी सोडवली."

"म्हंजे त्याची शिकार तुमी पळवली."

तोवर अंगण भरलं होतं. माळावरच्या घळीत लांडग्याच्या मादीनं पिल्लं घातलीत, हे गावाला ठाऊक होतं. नानांच्या पुतण्याची दोन मेंढरं त्याच महिन्यात गेली होती. नानांनी खिशातून विषाची पुडी काढली. "ब्येस झालं. हिच्यात औषध भरू, घळीपशी टाकू. मादी खाईल, पिल्लं खातील. सकाळपतुर मिटलं." चारदोन माना हलल्या.

तात्या शांतपणे म्हणाले, "नाना, डुकरावरनं तू माझ्या भावाचं डोस्कं फोडलंस, ते कशापायी रं?"

"माझा वार पहिला हुता."

"मग?"

"आरं, त्यो नियम माणसाचा."

"शिकार करणाऱ्याचा हाय. पहिला वार ज्याचा, शिकार त्याची. आता गिऱ्हाईक बदललं म्हणून नियम बदलायचा व्हय?"

सगळ्यांनी सासूबाईंकडं पाहिलं. शेळी त्यांची, बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. त्यांनी तिच्या कानावरून हात फिरवला. "मेली ती मेली. तिच्या पोटात इख घालून तिला आनी एकदा मारू नगा."

"पाव्हणं," तात्या म्हणाले, "जितनं आणली तितं नेऊन ठिवा."

ती शेळी येताना जेवढी होती त्याच्या दुप्पट वजनाची झाली होती, असं मी आजही शपथेवर सांगतो. तात्या बरोबर, नाना मागं मागं, पुडी खिशात ठेवूनच. आम्ही तिघं बांधाआड बसलो. ऊन कलायला लागलं... आणि गवतातून तो आला. घाईघाईनं दुर्बीण लावली, तर तिच्यात एकदा आभाळ दिसे, एकदा माझीच मिशी. तेवढ्यात नानांनी माझा गुडघा करकचून धरला. "तात्या... आरं, बोराटीमागं दुसरा बसलाय बग. वाट धरून. तू बसायचास अगदी तितंच, गड्या." आवाज सोळा वर्षांच्या पोराचा. तात्या म्हणाले, "हळू. बुजंल." शेळी त्या दोघांनी ओढत घळीकडं नेली. उतरताना नानांनी पुडी मुकाट्यानं तात्यांच्या हातात दिली.

परवा तात्यांना महिना झाला म्हणून गेलो होतो. नाना भेटले, वैतागलेले. मागच्या आठवड्यात एक कोकरू गेलं, पोरं काठ्या घेऊन निघाली आणि हेच आडवे उभे राहिले. "काय करू? वार त्याचा पहिला हुता. तुमच्या सासऱ्यानं घोळ घालून ठिवलाय जाताना."

परतीच्या एसटीत दुर्बीण माझ्या मांडीवर होती. मी बायकोला म्हटलं, मयताच्या दिवशी चारचौघांत तुला खाली मान घालायला लावली, चुकलंच माझं.

ती म्हणाली, "सगळे तात्यांकडं बघत होते. तुमच्या गळ्यात दुर्बीण दिसली म्हणून मी एकटीनं माळाकडं बघितलं."

"मग? दिसलं काही?"

"दिसलं की. बांधावर उभा होता, आपल्या घराकडं तोंड करून. पण तुम्हाला कशी सांगणार? चप्पल घेऊन पळत सुटला असतात."