करपलेल्या साखरेचा वास

माझ्या काकाला सगळी गल्ली गोळीवाला म्हणायची. बाहेरच्या खोलीत साखर उकळून तो रंगीत गोळ्या पाडायचा. पाक झाला की नाही, हे तो नुसत्या वासावर सांगायचा, आणि सांगताना मान अशी ताठ करायचा की मला राग यायचा. भिंती, पडदे, अंथरुणं, घरातल्या सगळ्याला तोच वास.

म्हणून काकूला मुलगी झाली आणि तिच्या लंगोटांना करपलेल्या साखरेचा वास यायला लागला, तेव्हा कुणाच्या मनात शंकासुद्धा आली नाही. उलट काका ओला लंगोट घेऊन दारोदार मिरवला. "हुंगून बघा! पोटातूनच धंदा शिकून आलीय पोरगी!"

मग ती दूध पिईना. नुसती पडून राहायची, मधेच अंग ताठ करायची. काकू तिला हलवून हलवून पाजायची. घोट गेला की काकूचा जीव भांड्यात पडायचा.

दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुधातल्या प्रथिनांची पोटात अमिनो आम्लं होतात. त्यांतूनच बाळाचं अंग भरतं, त्यांच्याशिवाय कुणी वाढत नाही. पण त्यातली तीन हिच्या शरीराला मोडता येत नव्हती. ती साठत गेली आणि मेंदूला बाधली. तो वास त्याचाच. लवकर कळलं असतं, तर ती तीन वगळलेलं दूध देता आलं असतं."

"म्हणजे माझंच दूध..." काकू म्हणाली.

"दुधाचा दोष नाही, ताई. तुमचाही नाही."

काका एवढंच म्हणाला, "वास मला आला होता." त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मुलगी गेली.

काकूला पुन्हा दिवस गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं की हेही बाळ तसंच असू शकतं, जन्मल्याबरोबर रक्त तपासू. काकाने शेगडी बंद केली, कढई विकली, भिंती धुऊन काढल्या. बाळाच्या अंगाला दुसरा कुठलाच वास लागायला नको होता.

मुलगा झाला. रक्ताचा निकाल चांगला आला, तरी काकाचा विश्वास बसेना. त्याने ओला लंगोट उचलून नाकाशी धरला. पुन्हा धरला.

"कसला येतोय?" काकूने घाबरून विचारलं.

"कसलाच नाही. सगळ्या पोरांचा येतो तसाच."

काकू हसली. काकाही हसला, आणि हसता हसता मटकन खाली बसून लंगोट तोंडावर दाबून हमसायला लागला.

"तिच्या लंगोटाला किती गोड वास यायचा," तो म्हणाला. "साऱ्या गल्लीला हुंगवला होता गं मी."