कोठीच्या दारावरचा डबा कॅमेरा

भोरच्या बाजारपेठेत भांड्यांची दुकानं संपली की जलीलभाईंचं दुकान लागायचं. पुढं घड्याळदुरुस्ती आणि मागं पडदा टाकून फोटो स्टुडिओ. दोन्ही धंदे मिळून पोट भरायचं, पण जलीलभाईंना पोटापेक्षा दुसरीच भूक मोठी होती. एखादी वस्तू कशी चालते ते कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. लहानपणी त्यांनी वडिलांचं भिंतीवरचं घड्याळ खोललं होतं आणि ते पुन्हा जुळवेपर्यंत दोन दिवस घरात पाऊल टाकलं नव्हतं. बायको खुर्शिदा म्हणायची, "तुमी लग्नात माझ्याकडं बघितलंच न्हाई, माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडं बघत हुता." आणि ते खरं होतं.

सदुसष्ट साली चैत्र लागता लागता भाटघरचे सावळारामअण्णा दुकानात आले आणि पडदा ओढून घेऊन हळू आवाजात म्हणाले, "भाई, आपोआप फोटो काढणारा कॅमेरा असतो का हो? समोर मानूस नसताना?"

अण्णांची भाटघरला पाण्याच्या कडेला बागायत होती आणि बियाण्याची दगडी कोठी होती. त्यांच्या आंबेमोहोराच्या बियाण्याचं नाव वेल्ह्यापर्यंत पोचलेलं. हिवाळ्यात कणगी भरून अण्णा वरच्या दाण्यांवर राखेनं स्वतःचा पंजा उमटवून ठेवायचे. या वर्षी होळीनंतर झाकण काढलं तर पंजा मोडलेला आणि बी दोन बोटं खाली गेलेलं. त्यांनी पुन्हा पंजा उमटवला. आठ दिवसांनी तो पुन्हा मोडला होता.

"राखणीला सोनबा हाय," अण्णा म्हणाले. "अकरा वर्सं झाली. रातीला कोठीला कुलूप असतं, दिवसा नुसती कडी. त्याच्याबिगर कोन असनार? पर पुराव्याबिगर काढला तर त्याची सगळी वाडी दारात येऊन बसंल. फोटो मिळाला की अखितीला साल संपतं तवा त्याचा हिशोब संपवतो."

गावात पन्नास घरं असताना संशय सोनबावरच का गेला, हे जलीलभाईंनी विचारलं नाही. सोनबा बौद्धवाडीतला होता. त्या वाडीनं दीक्षा घेऊन दहा वर्षं झाली होती, पण अण्णांची नजर होती तिथंच होती. जलीलभाईंना हे कळत होतं आणि मनाला लागतही होतं. पण खरं सांगायचं तर त्या घडीला त्यांच्या डोक्यात सोनबा नव्हताच. त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घुमत होता: माणूस नसताना कॅमेऱ्याची कळ दाबायची कुणी?

"असा कॅमेरा नसतो, अण्णा," ते म्हणाले. आणि अण्णा पायरी उतरतात न उतरतात तोच त्यांनी आपले तिन्ही कॅमेरे टेबलावर मांडले.

स्टुडिओतला तिकाटण्यावरचा मोठा कॅमेरा लगेच बाद झाला. तो लपवायचा तर त्याच्यासाठी दुसरी कोठी बांधावी लागली असती. घडीचा कॅमेरा नाजूक होता, त्याची कळ दोरीनं ओढली की अख्खा कॅमेराच हलायचा. उरला तो साधा डबा कॅमेरा. जत्रेत पोरांचे फोटो काढायला घेतलेला. त्याची कळ म्हणजे एक पत्र्याची जीभ, खाली ओढली की झालं. एका रोलात बारा फोटो. पण एक फोटो निघाला की पुढचा हातानंच फिरवून घ्यायचा. म्हणजे रोज सायकल मारत भाटघरला जाणं आलं.

आता एवढं उन्हातान्हात रोज जायचं तर सबब पाहिजे. जलीलभाईंनी सोनबाला सांगितलं, की पुण्याच्या एका साहेबांना धरणाच्या पाण्याचे फोटो हवे आहेत. सोनबानं त्यावर विश्वास ठेवला. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. रोज दुपार कलली की तो जलीलभाईंना गोठ्याच्या सावलीत बसवायचा आणि त्याची बायको गीताबाई पितळी भरून ताक आणून द्यायची.

"पानी रोज येगळं दिसतं व्हय, भाई?" सोनबानं एकदा विचारलं.

"रोज वेगळं," जलीलभाई म्हणाले आणि ताकात नाक खुपसलं.

डबा लावायचा कुठं, यावर चार दिवस गेले. आधी दारासमोरच्या आंब्यावर बांधून दोरीनं एक फोटो घेतला, पण तिथून येणाऱ्याचं फक्त डोकं येणार. मग दगडाआड खाली ठेवून एक घेतला, तर तिथून नुसते पाय. शेवटी कोठीसमोरच्या गोठ्याच्या भिंतीतली देवळी सापडली, बरोबर छातीच्या उंचीची. तिच्यात डबा ठेवून त्यांनी वरून गोणपाट लावलं आणि भिंगापुरतं भोक पाडलं. कोठी आणि गोठ्याच्या मधे दोडक्याच्या वेलाचा जुना मांडव होता. मासे धरायची तंगूस, म्हणजे गळाची सहज न दिसणारी दोरी, दाराच्या फळीला बांधून त्यांनी ती मांडवाच्या बांबूवरून, शिलाईच्या रिकाम्या रिळांवरून फिरवत देवळीपर्यंत आणली. दार आत उघडलं की तंगूस ताणायची आणि पत्र्याची जीभ ओढली जायची. देवळीत पहिल्यांदा खटका वाजला तेव्हा जलीलभाईंनी एकट्यानंच टाळी वाजवली.

चार फोटो झाल्यावर त्यांना धीर निघेना. रोल अर्धवट असतानाच त्यांनी तो अंधारखोलीत धुतला. झाडावरून घेतलेल्यात पदराचा कोपरा होता, दगडाआडच्यात जोडव्यांचे पाय, आणि देवळीतून घेतलेल्या दोन्हींत नऊवारीतली पाठ. चोर बाई होती! जलीलभाईंना एवढा हरीख झाला की ओला फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी तसाच भाटघरला नेला. त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी चूक.

अण्णांनी पाठ पाहिली आणि मांडीवर थाप मारली. "गीताबाई! बघा, म्या म्हनत नव्हतो? नवरा राखन करतोय आन् बायको भरून नेतीय!"

"अण्णा, नुसती पाठ आहे. पाठीवरून कुणाचं नाव..."

"मग तोंड दाखवा. अखितीपतूर येळ हाय. न्हाईतर या पाठीवरच मी दोगांस्नी भाईर काढतो."

परतताना जलीलभाईंना पुढचं सगळं दिसू लागलं. सोनबा राहायचा ती खोली अण्णांचीच. गेली तर दोघंही उघड्यावर येणार, आणि चोर म्हणून पुढं कुणी कामावर ठेवणार नाही. आपल्या हौसेपायी हे झालं. आता तोंड दिसलंच पाहिजे, मग ते कुणाचंही असो.

दार उघडताना माणसाची पाठच दिसणार. मग त्याला वळवायचं कसं? दोन दिवस त्यांना जेवण सुचेना. तिसऱ्या दिवशी दुकानात बसले असताना मागं पडद्याची कडी पडली आणि ते गर्रकन वळले. वळल्यावर स्वतःशीच हसू आलं. बारीकसा आवाज झाला की माणूस वळून बघतोच, ते त्याच्या हातात नसतं!

त्यांनी शेळीच्या गळ्यातलं घुंगरू देवळीत, डब्याच्या वर टांगलं, त्याला दारापासून दुसरी तंगूस बांधली आणि ती थोडी तंग ठेवली, कॅमेऱ्याची सैल. कोठीचं दार मुळात कललेलं, कडी काढली की आपल्याच वजनानं सावकाश पूर्ण उघडायचं. दार हलताच घुंगरू वाजणार, माणूस वळणार आणि दार भिंतीला टेकताना खटका पडणार. एक अडचण उरली. भर दुपारी ऊन डोक्यावर, त्यामुळं पदराखालचा चेहरा काळा पडणार. तेव्हा मुंग्यांचं निमित्त सांगून त्यांनी कोठीच्या पायऱ्यांना चुना फासला. पांढऱ्या पायरीवरून ऊन उलटून तोंडावर जायला लागलं. सोनबानं चुना कालवायला मदत केली.

बारा दिवस ते सायकलवर आले आणि गेले. अखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी रोल धुतला आणि लाल दिव्याखाली एकेक चेहरा वर येऊ लागला. पहिल्यात जलीलभाईंच्या शेजारची फुलाबाई, डोळे विस्फारलेले. दुसऱ्यात भाटघरचीच साळूबाई. तिसऱ्यात एक बोकड, अर्धवट लागलेली कडी त्यानं शिंगानं निसटवली होती. मग वेल्ह्याकडची कुणी पाहुणी बाई, मग आणखी एक, मग आणखी एक. गीताबाई कुठंच नव्हती. आणि शेवटच्या फोटोत, एक पाय पायरीवर आणि पदराला गाठ, सरळ भिंगात बघत उभ्या होत्या अक्काबाई. सावळारामअण्णांच्या स्वतःच्या पत्नी.

जलीलभाईंना काही कळेना. मालकीणच आपल्या कोठीत चोरी कशाला करील? त्यांनी खुर्शिदाला आत बोलावलं. तिनं फोटो पाहिले आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"अवं, ही चोरी न्हाई. चोरून आनलेलं पसाभर बी भाताच्या रोपांच्या तरव्यात मिसळलं की तरवा जोमानं येतो. मागून आनलं की त्याचा गुन जातो. अक्काबाईंच्या भावाचं शेत हिर्डोशीला हाय न्हवं? त्याच्यासाठी असंल."

"पण त्यांच्याच घरचं बी! नवऱ्याला सांगून न्यायचं."

"सांगून नेलं तर चोरलं कसं? परसातला आपला भोपळा बघा. बी म्या फुलाबाईच्या दारातनं उचललंय. मागितलं असतं तर सूपभर दिलं असतं बिचारीनं. पर मग येल चढला असता व्हय?"

पंधरा वर्षं तो भोपळा जलीलभाई आवडीनं खात होते. घराघरातल्या बायांना ठाऊक होतं आणि घराघरातल्या पुरुषांना पत्ता नव्हता. कितीतरी वेळ त्यांना नुसतं नवल वाटत राहिलं. मग सोनबा आठवला, तसे ते उठले.

अखितीच्या सकाळी अण्णांच्या अंगणात सोनबा आणि गीताबाई उभे होते. गीताबाईचे डोळे सुजलेले होते, पाठीचा फोटो दाखवून अण्णांनी दोघांना आदल्या संध्याकाळीच खोली सोडायला सांगितलं होतं. अक्काबाई उंबऱ्याशी होत्या. जलीलभाईंनी खिशातून एकच फोटो काढून अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी तो जवळ धरला, लांब धरला. मान वर करून उंबऱ्याकडं बघितलं. अक्काबाईंनी खाली बघितलं.

"बाकीचे?" अण्णांनी विचारलं.

"काळे पडले," जलीलभाई म्हणाले. बाकीचे अकरा त्यांनी रात्रीच चुलीत घातले होते.

आणि मग त्यांनी तरव्याची गोष्ट सांगितली. अण्णा ऐकत होते आणि त्यांचा चेहरा लाल होत होता. शरम कुठं ठेवावी ते न कळलेल्या माणसासारखे ते सोनबावरच ओरडले, "मग तू कुठं मेला व्हतास? राखनदार तू! रोज बाया येऊन जात्यात आन् तुला पत्ता न्हाई?"

"पत्ता व्हता की, मालक," सोनबा म्हणाला.

अक्काबाईंनी मान वर केली.

"राखनदार बगत असंल तर ती चोरी कशी व्हनार? बायांच्या बियाचा गुन जायाचा. म्हनून दुपारी म्या तासभर पान्याच्या इंजनाकडं जायाचो. इंजनाला दुपारचं काय काम असतंय? माज्या आधी राखनीला गेनबातात्या व्हता, त्यो बी जायाचा. त्यानंच मला सांगितलं व्हतं."

अक्काबाई उंबरा उतरून पुढं आल्या. "सोनबा, तुमास्नी घर सोडायला सांगितलं तरी तुमी बोलला न्हाईत?"

"तुमचं नाव घेतलं असतं तर तुमच्या भावाचा तरवा वाया गेला असता, अक्का."

अण्णांनी फोटो बंडीच्या खिशात घातला. मग म्हणाले, "झालं गेलं जाऊ दे. तू कुठं जायाचं न्हाई. ऱ्हा."

सोनबानं कमरेची कुलपाची किल्ली काढली, अण्णांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली आणि गीताबाईला म्हणाला, "चल." अण्णांनी हाक मारली, अक्काबाईंनी तर हात जोडले. तो थांबला नाही. खोलीत जाऊन त्यांनी दोन गाठोडी बांधली आणि किकवीला भावाकडं जायला म्हणून वाटेला लागले.

जलीलभाईंनी सायकल हातात धरून त्यांना गाठलं. एक गाठोडं मागून घेऊन कॅरिअरवर ठेवलं. तुमच्यावर नाही, दारावर कॅमेरा लावला होता, असं म्हणावं, अशी त्यांनी मनात जुळवाजुळव केली होती. पण तोंडातून एवढंच निघालं, "सोनबादादा, मला माफ करा. रोज तुमच्या घरचं ताक पीत होतो."

सोनबानं आपलं गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, "भाई, तुमी मला इचारलं असतं, तरी म्या सांगितलं नसतं. पर इचारायला पायजे व्हतं."

किकवी येईपर्यंत जलीलभाई सायकल ढकलत त्यांच्याबरोबर चालत राहिले.