कॉम्रेडची दोन बोटं

आमच्या हॉटेलच्या जाहिरातीत कॉम्रेडचा एक फोटो होता. मागे निळा समुद्र, डोक्यावर पिवळी टोपी, गळ्यात शिट्टी आणि उजव्या हाताची दोन बोटं वर. बघणाऱ्याला वाटायचं, काय खुशीत आहे हा गृहस्थ, विजयाची खूण करतोय! दुबईच्या पलीकडे, रास अल खैमाला सुट्टीवर आलेले पाहुणे त्यांच्या शेजारी उभे राहून तशीच दोन बोटं वर करून फोटो काढून घ्यायचे. कॉम्रेडनी कधी कोणाला नाही म्हटलं नाही. पण ती खूण विजयाची नव्हती, ती आमच्या जनरल मॅनेजरसाठी होती. साहेब लॉबीत दिसोत की गाडीतून उतरताना दिसोत, कॉम्रेड लांबूनच दोन बोटं वर करायचे. बीचवर लाइफगार्ड दोन पाहिजेत, एवढंच त्यांना सांगायचं असायचं.

खरं नाव इस्माईल. गाव दापोलीकडचं, खाडीच्या काठावरचं. शमाल सुटला, म्हणजे वायव्येचा तो वारा लागला, की इकडचा शहाण्यासारखा वागणारा समुद्र अंगात आल्यासारखा करतो. अशा वेळी बीचवर लाल बावटा चढवायचं काम इस्माईलभाईंचं. आमच्या अकाउंट्समधल्या कुलकर्ण्यांना ते बघून चेव आला आणि त्यांनी नाव ठेवलं, कॉम्रेड. भाईंना वाटलं, ही कॅप्टनसारखी मोठी पोस्ट असणार. ते पाहुण्यांना स्वतःहून सांगायला लागले, "आय ॲम कॉम्रेड." रशियन पाहुणे तर वेडे झाले. एका जाड्या आजोबांनी त्यांना ताठ उभं राहून सलाम ठोकला आणि मग कडकडून मिठी मारली. पुढच्या वर्षी आजोबा दोन कुटुंबं बरोबर घेऊन आले, कॉम्रेड दाखवायला.

मी याच हॉटेलात रिझर्व्हेशन सांभाळते. माहेर ठाण्याचं, नवरा इथल्या टाइल्सच्या कारखान्यात. कॉम्रेडशी माझी खरी ओळख झाली ती रोगाच्या त्या वर्षात. विमानं बंद, हॉटेल रिकामं, लाइफगार्डांची अख्खी टोळी घरी धाडलेली. मागे राहिले फक्त कॉम्रेड आणि केरळचा शाजी. मी अर्ध्या पगारावर येऊन दिवसभर बुकिंग रद्द झाल्याचे फोन घ्यायची. आणि कॉम्रेड रोज सकाळी त्या ओसाड किनाऱ्यावर बावटा चढवून खुर्चीत बसायचे. बघायचे कोणाला, तर समुद्राला! मी एकदा विचारलं, "भाई, कशासाठी हा खटाटोप?" तर म्हणाले, "सवय मोडली की माणूस झोपतो."

एका संध्याकाळी डोकं पार उठलं म्हणून मी सलवार वर धरून पाण्यात उतरले. तर कानठळ्या बसवणारी शिट्टी.

"मॅडम, बाहेर या!"

"अहो, घोटाभर पाण्यात आहे मी!"

"शाजीची आज सुट्टी हाय. मी एकटा हाय. तुमी बुडलात तर मी आत येणार. मग मला कोण बघणार? ह्यो बगळा?"

मी हसत हसत बाहेर आले. त्यांनी थर्मासमधला करक, म्हणजे इकडचा दाट उकळलेला दुधाचा चहा दिला आणि आपला कायदा ऐकवला. त्यानंतर तो मी इतक्यांदा ऐकला की पाठ झाला. "एक पाण्यात, एक बाहेर. आतल्याने आणायचं, बाहेरच्याने बघायचं. एकटा गेला तर तो एकालाच आणू शकतो, बाय." त्या दिवसापासून मी मॅडमची बाय झाले.

आता कॉम्रेड म्हणजे काही संत नव्हते. वय विचारलं की पन्नास, आणि ते पन्नास वर्षानुवर्षं पन्नासच. केसांना काळा रंग असा चोपडलेला की घाम आला की कपाळावर ओघळायचा. माझा नवरा सुट्टीच्या दिवशी त्यांच्या खोलीवर कॅरम खेळायला जायचा आणि घरी येऊन चडफडायचा, कारण कॉम्रेड बोलता बोलता कोपराने सोंगटी सरकवायचे. पकडलं तर वर म्हणायचे, "वाऱ्याने गेली." खोलीत, खिडकी बंद असताना! समुद्राच्या बाबतीतही त्यांचा हिशेब चुकायचा. एका नाताळात त्यांनी शमाल येणार म्हणून सकाळीच लाल बावटा चढवला आणि समुद्र दिवसभर ताटातल्या पाण्यासारखा पडून राहिला. पाहुणे वैतागून शेजारच्या हॉटेलच्या बीचवर गेले. साहेबांनी भरल्या लॉबीत कॉम्रेडना झाडलं. त्यानंतर दोन बोटं वर झाली की साहेब हसून म्हणायचे, "आधी पहिल्या माणसाला काम शिकव."

माझी मीरा पाण्याला घाबरायची. तिला कॉम्रेडनी शिकवलं. पोहायला नव्हे, नुसतं पडून राहायला. पाठीखाली एक हात धरायचे आणि सांगायचे, "पाण्याशी भांडू नको. पडून ऱ्हा. मी येतो." हात कधी काढून घेतला ते तिला कळलंसुद्धा नाही. घरी आल्यावर मी कौतुकाने विचारलं, "काय शिकलीस गं?" तर बाईसाहेबांचं उत्तर, "डोन्ट फाइट द वॉटर, ममा. कॉम्रेड इज कमिंग." किती विश्वास पोरीचा!

मग पर्यटक परत आले. आले म्हणजे काय, लोंढा आला. तिकडे युरोपात कडाक्याची थंडी, इकडे ऊन. व्हिसा सोपा, नवी विमानं, दुबईपेक्षा खोल्या स्वस्त. हॉटेल भरलं, किनारा भरला. साहेबांनी वाळूत एक भलामोठा पांढरा झोपाळा उभा केला, पाहुण्यांना सेल्फी काढायला. गर्दी आवरायला माणूस पाहिजे, म्हणून शाजीला बीचवरून उचलून पूलवर नेलं. पाहुण्यांना टॉवेल द्यायचे, झोपाळ्याची रांग लावायची, हे आता त्याचं काम. एवढ्या लांबच लांब किनाऱ्यावर कॉम्रेड एकटे राहिले. तेव्हापासून ती दोन बोटं वर व्हायला लागली.

मुख्य ऑफिसने त्याच सुमाराला मला एक प्रेझेंटेशन करायला सांगितलं, पर्यटक परत का आले, त्याची कारणं. मी थंडी, व्हिसा, विमानं, भाडी, सगळं घातलं. कॉम्रेड माझ्या टेबलापाशी येऊन डोकावले.

"माझं नाव घातलंस काय?"

"फोटो घातलाय. तो दोन बोटांचा."

"मग त्याच्याखाली लिही ना बाय, दुसरा माणूस पाहिजे म्हणून."

मी लिहिलं. चांगलं ठळक लिहिलं. साहेबांनी वाचलं आणि ती ओळ माझ्यासमोरच पुसली. "धिस इज नॉट अ रीझन, धिस इज अ रिक्वेस्ट. आत्ता परवडत नाही. नेक्स्ट सीझन, इन्शाल्ला." मी बाहेर येऊन कॉम्रेडना सांगितलं. ते म्हणाले, "माझी अम्मी इन्शाल्ला म्हणायची तेव्हा काम व्हायचं. साहेबाचा इन्शाल्ला म्हंजे खलास." आणि स्वतःच्याच विनोदावर मोठ्याने हसले. मीही हसले. त्यानंतरही ते दर महिन्याला साहेबांच्या केबिनमध्ये जायचे आणि दर वेळी तेच दोन शब्द घेऊन बाहेर यायचे, परवडत नाही.

तो फेब्रुवारीतला शुक्रवार. शमाल सुटला होता, बावटा लाल होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर हॉटेलला वाचवलं ते त्या बावट्याने. एक बाप आणि त्याचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा लाटांमध्ये गेलेल्या चेंडूपाठी कमरेएवढ्या पाण्यात उतरले. कॉम्रेडनी शिट्टी मारली, ओरडले, धावले. ते पोचेपर्यंत परतणाऱ्या पाण्याने दोघांना ओढून नेलं होतं, आणि एकमेकांपासून तोडलंही होतं.

मी लॉबीत एका ग्रुपचं चेक-इन करत होते. शिट्टी ऐकू आली आणि ती थांबेचना. पूलवर गाणी मोठ्याने लावलेली, शाजीला काही ऐकू गेलं नाही. मी ऑफिसचे बूट तसेच घालून वाळूतून पळाले. मला दिसलं ते एवढंच, कॉम्रेड एका हाताने मुलाला छातीशी धरून परत येतायत, आणि त्यांच्या मागे खूप आत एक हात वर आहे. त्यांनी मुलाला गुडघाभर पाण्यात माझ्या अंगावर अक्षरशः टाकलं आणि वळले. तोवर हात नव्हता. ते पुन्हा आत गेले. बाहेर आले, धापा टाकल्या, पुन्हा गेले. शेवटी शाजी आणि आणखी दोघांनी त्यांना ओढून वाळूवर आणलं, नाहीतर तेही गेले असते. त्या माणसाला संध्याकाळी तटरक्षकांच्या बोटीने बाहेर काढलं.

त्याच्या बायकोला इंग्रजी येत नव्हतं. मुलाला कुशीत घेऊन ती कॉम्रेडसमोर आली. तिने आपली दोन बोटं वर केली. मग त्यातलं एक मिटलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. कॉम्रेडनी मान खाली घातली. देवाशपथ, आयुष्यात इतकं वाईट मी काही पाहिलेलं नाही.

पोलिसांनी चौकशी केली आणि कॉम्रेडचा काही दोष नाही म्हणून सोडलं. हॉटेलने कागदोपत्री लिहिलं की लाल बावटा होता, पाहुण्याने तो मानला नाही, लाइफगार्ड जागेवर होता. सगळं खरं. त्या लिहिण्यात दुसऱ्या माणसाचा उल्लेख कुठेच नव्हता, कारण दुसरा माणूसच नव्हता! मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले. ते म्हणाले, तू रिझर्व्हेशन बघ. आठवड्याभरात कॉम्रेडचं काम संपल्याचं पत्र आलं. कारण विचारलं तर सांगण्यात आलं, पाहुण्यांना आता त्यांचा चेहरा बघवणार नाही. मला अजून संताप येतो. ज्या चेहऱ्यावर तुम्ही खोल्या विकल्यात, तोच चेहरा!

मी आणि माझ्या नवऱ्याने त्यांना शारजाच्या विमानतळावर सोडलं. सामान सगळ्यांचं असतं तसंच होतं, दुधाची पावडर, अत्तरं, नातवाला एक मोटार. रांगेत एका लहान मुलीने त्यांना ओळखलं. आमच्याच हॉटेलात राहून परत चाललेलं कुटुंब होतं. ती पळत आली, शेजारी उभी राहिली, दोन बोटं वर केली आणि आईला म्हणाली, फोटो काढ. कॉम्रेड हसले तिच्याकडे बघून. पण उजवा हात त्यांनी पँटच्या खिशात घातला आणि फोटो होईपर्यंत काढला नाही.

पुढचा सीझन त्याहून जोरात गेला. मुख्य ऑफिसला पुन्हा कारणं पाहिजे होती. या वेळी यादी तिकडूनच आली, मला फक्त सजवायची होती. थंडी, व्हिसा, विमानं आणि त्याखाली एक नवीन कारण. आमच्या बीचवर सदैव दोन लाइफगार्ड, कुटुंबांसाठी सर्वांत सुरक्षित किनारा. मी खिडकीतून बघितलं. खरंच दोघे होते. नवी पिवळी टी-शर्टं, दोन उंच खुर्च्या. एक पाण्याकडे बघत होता, दुसरा उभा होता.

मे महिन्यात आम्ही सुट्टीवर गावी गेलो तेव्हा मी दापोलीला गेले. मला कॉम्रेडना ही बातमी स्वतः सांगायची होती. वाटलं, माणसाने एवढी वर्षं जे मागितलं ते शेवटी झालं, तेवढंच बरं वाटेल. घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. कॉम्रेड मागच्या पडवीत बसले होते, खाडीकडे पाठ करून. केस पांढरेशुभ्र, रंग लावायचं सोडून दिलेलं. भाभी हळूच म्हणाल्या, "पाण्याकडे फिरकत नाहीत. बंदरावर मच्छी आणायलासुद्धा मलाच धाडतात."

त्यांनी आधी मीराचं विचारलं. मग त्या मुलाचं. मी म्हटलं, तो बरा आहे, त्याच्या मामाचा ईमेल आला होता. मग आपणहून बोलले.

"त्या बापाला मी ओरडून सांगत होतो बाय, पडून ऱ्हा, मी येतो. पण तो भांडत होता पाण्याशी. त्याचा पोरगा माझ्या हातात होता ना. कुठला बाप पडून ऱ्हाईल?"

भाभींनी फणसाचे गरे आणून ठेवले. मी घाईघाईने, एखादी भेटवस्तू काढावी तशी, बातमी काढली. "कॉम्रेड, आता बीचवर दोघे असतात. रोज. जाहिरातीतसुद्धा छापलंय."

त्यांनी हातातला गरा तसाच ताटलीत ठेवला. मला वाटलं, हसतील. निदान सुस्कारा तरी टाकतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू, जणू मलाच काही समजावून सांगावं तसं म्हणाले,

"म्हंजे परवडत होतं."