भाऊजींनी साफ केलेला आवाज

आमचे भाऊजी, माझ्या ताईचे यजमान, एक नंबरचे हट्टी. तीस वर्षं लोखंड कापायच्या मशीनवर काढली, त्यात कान निम्मे गेले, पण कबूल करतील तर शपथ. "तूच पुटपुटतेस," म्हणून उलट मलाच झापायचे.

ताईला घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, वाचवायचं तर स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनला नऊ दिवस होते. ताई काही मोठी गायिका नव्हे. कामं करता करता स्वतःच जुळवलेली गाणी म्हणायची, भाऊजींना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच. हा आवाज राहिला पाहिजे, एवढंच भाऊजींनी धरून ठेवलं.

स्वस्तातला माइक आणला. जुन्या लॅपटॉपवर फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, लोकांनी मिळून बनवलेलं, कुणीही वापरावं असं. बाहेरचा आवाज कमी यावा म्हणून कपाटाच्या दोन्ही दारांवर रजया टाकल्या आणि मध्ये ताईला उभं केलं. "मला काय उबवायला घातलंय का?" ती म्हणाली. अकरा गाणी झाली.

पण सगळ्यांत खरखर होती, पंख्याची, रस्त्याची. ती काढायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये असते. गाणारा गप्प असतो तो तुकडा त्याला आधी दाखवायचा. मग त्याला कळतं, हा कचरा, आणि तसलं जे जे सापडेल ते गाणंभर पुसून टाकतं. भाऊजींनी दर वेळी गाण्याची सुरुवात दाखवली. पडद्यावर तिथं आवाजाची रेघ जवळजवळ सपाट दिसायची. पण ताई तिथं गप्प नसायची. सूर धरायला ती आधी हलकेच गुणगुणायची, लहानपणापासूनची सवय. एवढ्या वर्षांत भाऊजींना ते कधी ऐकूच आलं नव्हतं.

ऑपरेशन होऊन ताई घरी आली, आता पाटीवर लिहूनच बोलायची. भाऊजींनी आम्हा दोघींना समोर बसवलं आणि पहिलं गाणं लावलं. पाण्याखालून कुणी बोलावं तसं काहीतरी आलं. शब्दांची नुसती टोकं, स, च, ट. मधला आवाजच नाही. दुसरं तसंच, तिसरंही.

"मूळची रेकॉर्डिंगं कुठायत?" मी विचारलं.

"ती खरखरीची? पुसली की. उगाच जागा अडवून बसली होती."

अगदी ओठांवर आलं होतं, अहो, कचरा म्हणून तिलाच काढलंत तुम्ही. राग आणि रडू एकदमच आलं. ताईनं माझं मनगट घट्ट धरलं. मग पाटी ओढली, लिहिलं आणि भाऊजींकडे फिरवली: "छान झालंय."

"बघ," भाऊजी मला म्हणाले, "तुला मेलं कशात चांगलं म्हणून दिसत नाही." त्यांचे डोळे भरले होते. ते पुढचं गाणं लावायला वळले, तशी ताईनं पाटी पुसून माझ्यापुरतं लिहिलं: "त्यांना मी ऐकू येतेय. असू दे."

आता रोज संध्याकाळी ते गाणी लावतात आणि ताई शेजारी बसून ऐकते. मी उठून जाते. हल्ली तिचा आवाज आठवायला गेले, की मला ते पाण्याखालचंच ऐकू येतं.